आरएक्स-८ ला ऑइल पाजताना: ३१,००० किलोमीटरनंतरचा रिव्ह्यू

गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि बाबांना फोन केला. ऑइल उतरलं होतं आणि गाडीखाली मात्र एक थेंब नव्हता. बाबांचा सगळा जन्म दुचाकीच्या गॅरेजमध्ये गेला आहे. ते म्हणाले, "अगं, गळत नाही म्हणजे जळतंय. या इंजिनात ते जळायलाच हवं. आपल्या टू-स्ट्रोकसारखंच समज."

टू-स्ट्रोक म्हटल्यावर मला धीर आला. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या गॅरेजमध्ये टू-टी ऑइल मापाने मोजून पेट्रोलमध्ये घालायचे. कमी पडलं तर इंजिन सीझ होतं, जास्त झालं तर प्लग काळा पडतो, हे मी फार लवकर शिकले. त्या शिक्षणाचा उपयोग चाळीस लिटर पेट्रोल पिणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी होईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझी गाडी २००५ ची माझदा आरएक्स-८. सहा पोर्टचं (हवा आत घेणारी सहा तोंडं असलेलं) इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. घेतली तेव्हा ७१,००० किलोमीटर झालेली होती, आज १,०२,००० आहे. हा रिव्ह्यू गाडीचा आहेच, पण त्याहून जास्त तो तिच्यात घातलेल्या ऑइलचा आणि सुरुवातीला केलेल्या बदलांचा आहे. रोटरी पहिल्यांदाच घेणारे बहुतेक जण आधी सायलेन्सर आणि एअर फिल्टर बघायला लागतात, म्हणून मला जे उशिरा कळलं ते आधी सांगते.

या रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत. मध्ये किंचित दबलेल्या, भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या पोकळीत तीन कोनांचा रोटर फिरतो. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणून कागदावर १३०८ सीसी. रोटरच्या प्रत्येक टोकाला एपेक्स सील नावाची धातूची पट्टी असते आणि ती हाउसिंगच्या भिंतीवर सतत घासत जाते. या पट्टीला ऑइल मिळावं म्हणून गाडीतच एक मीटरिंग पंप आहे. इंजिनचं ऑइल तो सम्पमधून, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातून, थोडं थोडं उचलतो आणि थेट जळणाच्या जागी सोडतो. आरपीएम आणि लोड बघून किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतं. म्हणजे ऑइल कमी होणं हे या गाडीचं दुखणं नाही, ती तिच्या इंजिनाची कामाची पद्धत आहे.

त्याशिवाय हेच ऑइल बेअरिंगना जातं आणि रोटरच्या आतल्या पोकळीत फवारलं जाऊन रोटर थंडही करतं. माझ्या गाडीला पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक ऑइल कूलर आहे. एवढ्या छोट्या इंजिनाला दोन कूलर का, याचं उत्तर हेच. एकाच द्रवाने वंगण द्यायचं, थंड करायचं आणि शेवटी स्वतः जळूनही जायचं. यातलं शेवटचं काम साध्या इंजिन ऑइलच्या स्वभावात नसतं. त्यातले डिटर्जंट आणि झिंकसारखे घटक जळल्यावर राख मागे ठेवतात. टू-टी ऑइल मात्र जळण्यासाठीच बनवलेलं असतं.

आता प्रत्यक्षात काय काय घातलं ते सांगते.

सुरुवात मी ५डब्ल्यू-२० ने केली (पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा तापलेल्या ऑइलच्या जाडीचा), कारण अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्ये तेच लिहिलेलं आहे. युरोपात याच इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगतात. इंजिन तेच आणि शिफारस दोन, म्हणजे यात स्वतः मोजून ठरवायला जागा आहे असं मी धरलं. पण मोजायचं कशाने? डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा या कामाचा नाही. तो आतून एका स्विचवर चालतो. प्रेशर ठरावीक पातळीच्या वर गेलं की काटा मधोमध जाऊन उभा राहतो आणि तिथेच राहतो. कूलंटच्या तापमानाचा काटाही तसाच: बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरून हलत नाही, आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून माझा पहिला बदल म्हणजे खरा ऑइल प्रेशर गेज आणि ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला, लावायचा एक छोटा रीडर. यासारखा पैसा वसूल करणारा दुसरा बदल मी या गाडीत केलेला नाही. नीट तापलेल्या इंजिनाला ५डब्ल्यू-२० वर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) १.१ बार प्रेशर दिसायचं. ५डब्ल्यू-३० वर ते १.४ झालं आणि १०डब्ल्यू-४० वर १.७. कडक उन्हाच्या महिन्यांत मी आता १०डब्ल्यू-४० घालते आणि थंडीत ५डब्ल्यू-३०. थंडीत जाड ऑइल का नको, तर थंड इंजिन सुरू होताना ऑइल पटकन पोचायला हवं आणि स्टार्टरने इंजिन चपळपणे फिरवायला हवं. सुरुवातीच्या काळातल्या आरएक्स-८ चा स्टार्टर तसाही दुबळा होता, पुढे माझदाने जास्त ताकदीचा दिला. माझा मी दुसऱ्याच महिन्यात बदलून घेतला. गरम इंजिन आता एका झटक्यात चालू होतं.

सिंथेटिक की मिनरल, यावर रोटरीवाले रात्रभर बोलू शकतात. जुना समज असा की सिंथेटिक नीट जळत नाही आणि एपेक्स सीलभोवती चिकटा धरतो. जुन्या काळच्या काही सिंथेटिक ऑइलवरून तो समज आला असेल, पण इदेमित्सूसारखी कंपनी खास रोटरीसाठी सिंथेटिक ऑइल बनवते, म्हणजे सिंथेटिक म्हटलं की नको, असं सरसकट म्हणता येत नाही. माझं मत असं: मीटरिंग पंप सम्पमधूनच ऑइल घेत असेल तर चांगलं मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक घ्या आणि वेळेवर बदला. पंपाला वेगळ्या टाकीतून टू-टी देणार असाल, तर सम्पमध्ये उत्तम सिंथेटिक घाला. त्या टाकीबद्दल पुढे सांगते.

मी दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलते. ड्रेन बोल्ट उघडल्यावर साधारण साडेतीन लिटरच बाहेर येतं. बाकीचं कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये बसून राहतं. म्हणजे प्रत्येक बदलानंतरही काही जुनं ऑइल इंजिनात राहतंच, आणि म्हणूनच बदल लांबवू नये. फिल्टर मात्र बॉनेट उघडल्यावर वरूनच हाताशी येतो. या गाडीवर स्वतः काम करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे.

एक गोष्ट नवशिक्यांना हमखास घाबरवते. थंडीत, लहान लहान फेऱ्या मारल्या की ऑइल भरायच्या झाकणाखाली फिकट पिवळसर साय धरते. कूलंट ऑइलमध्ये उतरलं असं वाटून माझ्या पोटात खड्डा पडला होता. भरायची नळी लांब आहे आणि इंजिनच्या उष्णतेपासून दूर राहते, म्हणून तिच्यात वाफ थंड होऊन साचते. डिपस्टिकवर तीच साय दिसली आणि कूलंट कमी होत असलं, तर खरी काळजी. फक्त झाकणाखाली असली तर फडक्याने पुसा आणि गाडी तासभर रस्त्यावर मोकळी पळवून आणा.

आता टू-टी. पहिल्या दीड वर्षात, म्हणजे १८,००० किलोमीटरमध्ये, मी सम्पमध्ये वरून १२ लिटर ऑइल घातलं. दर १,५०० किलोमीटरला एक लिटर. शिवाय प्रत्येक वेळी टाकी भरताना पेट्रोलमध्ये टू-टी, लिटरमागे ४ मिली. चाळीस लिटर पेट्रोल घेतलं तर १६० मिली. मीटरिंग पंप चालू असताना एवढं पुरतं. पंप काढून टाकून नुसत्या मिक्सवर चालवणारेही आहेत. रस्त्यावरच्या गाडीत ते करू नका. एक दिवस विसरलात की सील कोरडे.

मिक्ससाठी जॅसो (जपानी मानक) एफडी दर्जाचं ऑइल घ्या. जॅसोच्या एफबी, एफसी, एफडी या श्रेणींत एफडीची इंजिन स्वच्छ ठेवण्याची कसोटी सगळ्यात कडक असते. बोटींच्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३ हेही बरेच जण वापरतात, त्यात राख धरणारे घटक नसतात. मी दोन्ही वापरून पाहिली. गाडी चालवताना मला काही फरक जाणवला नाही. प्लग काढून पाहिले तेव्हा एफडीवरचे थोडे जास्त कोरडे आणि तपकिरी दिसले. नुसत्या नजरेचा निवाडा म्हणून त्याला फार वजन देऊ नका, पण मी एफडीवरच राहिले.

मोजताना अंदाजपंचे घालू नका. मी मागच्या डिकीत १०० मिलीच्या खुणांची एक बाटली, नरसाळं आणि जुनं फडकं ठेवते. पेट्रोल भरायच्या आधी टू-टी ओतते, म्हणजे वरून येणाऱ्या पेट्रोलने ते नीट मिसळतं. पंपावरचा माणूस बघत राहतो. बघू दे.

दीड वर्षानंतर वेगळ्या टाकीचा अॅडॉप्टर बसवला. ही एक छोटी धातूची प्लेट असते. ती मीटरिंग पंपाचा सम्पशी संबंध तोडते आणि बॉनेटखाली बसवलेल्या एका टाकीतून त्याला स्वच्छ टू-टी देते. माझ्या मते आरएक्स-८ साठी हा उत्तम बदल आहे, पण नवशिक्याने तो पहिल्या वर्षी करू नये. कारण सांगते. टाकी रिकामी झाली तर पंप हवा ओढतो आणि सीलना काहीच मिळत नाही. डॅशबोर्डवर त्याची सूचना येत नाही. मी टाकीत लेव्हल सेन्सर बसवून एक लाल दिवा स्टीअरिंगजवळ आणला, आणि दिवा बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढली नाही. बसवणाऱ्या मिस्त्रीने पहिल्या वेळी नळीची क्लॅम्प सैल ठेवली होती. शंभर किलोमीटरनंतर तपासली तेव्हा नळीभोवती ओल दिसली. तेव्हापासून दर पेट्रोलला मी त्या जोडावरून बोट फिरवते.

दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. अॅडॉप्टरच्या आधी सम्पमधलं ऑइल जळत होतं आणि मी वरून नवं घालत होते, म्हणजे आतल्या ऑइलला सतत ताज्याची जोड मिळत होती. अॅडॉप्टरनंतर सम्पमध्ये तेच ऑइल फिरत राहतं, आणि रोटरी इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंच. तीन हजार किलोमीटरनंतर मी डिपस्टिक नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा वास स्पष्ट होता. तेव्हा ऑइल खर्च होत नाही म्हणून ते जास्त टिकेल, या हिशेबात राहू नका. ५,००० ची मर्यादा मी तशीच ठेवली आहे.

ऑइलनंतरचा खरा बदल इग्निशनचा. प्रत्येक रोटरला दोन प्लग, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग, आणि प्रत्येक प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल. सगळ्या मिळून चार. या कॉइल झिजतात, आणि हे या गाडीचं सगळ्यांना माहीत असलेलं कमजोर अंग आहे. कॉइल दमली की पेट्रोल पूर्ण जळत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, कन्व्हर्टर आतून वितळून तुंबतो, एक्झॉस्टची वाट अडते आणि ती उष्णता परत इंजिनकडे येते. एका कॉइलपासून सुरू झालेलं दुखणं असं इंजिनपर्यंत पोचतं. म्हणून मी कॉइलला किरकोळ सुटा भाग मानत नाही.

इथे मी एकदा चुकले. स्वस्तातला चार कॉइलचा संच मागवला, खोक्यावर धड नावही नव्हतं. ४,००० किलोमीटरमध्ये चढावर गाडीने धक्के दिले आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. नुसता पेटलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यात मोठा फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे या क्षणी कन्व्हर्टर भाजतोय. मी बाजूला थांबले आणि गाडी उचलून नेली. त्यानंतर कंपनीच्याच सुधारित कॉइल घेतल्या. पार्ट नंबरच्या शेवटी सी अक्षर असलेल्या. सोबत एनजीकेचे प्लग, लीडिंगला आरई७सी-एल आणि ट्रेलिंगला आरई९बी-टी. जागांची अदलाबदल करू नका, हाताने फिरवून बसवा आणि मगच पाना लावा. अमेरिकन ट्रकच्या मोठ्या कॉइल बसवणारे किटही मिळतात आणि त्यांची ठिणगी जोरदार असते. पुढच्या वेळी मी ते घेईन, आता चांगल्या कॉइल फेकून देणार नाही.

बाकीच्या बदलांवर फार शब्द खर्च करण्यासारखं नाही. मागचा सायलेन्सर बदलला, आवाज भारी झाला, पण ३,००० आरपीएमला केबिनमध्ये एकसुरी गुणगुण येते आणि लांबच्या प्रवासात डोकं दुखतं. ताकदीत फरक शून्य. मूळ सायलेन्सर परत लावला. हवेचा मूळ डबा माझदाने विचारपूर्वक बनवला आहे, त्याच्या जागी उघडा फिल्टर लावला तर बॉनेटखालची गरम हवा आत जाते. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप घालण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मागच्या माणसाने तो धूर का खावा? त्यापेक्षा ब्रेक फ्लुइड बदला, चांगले पॅड घ्या, आणि २२५/४५ चे १८ इंची टायर जुने असतील तर सगळा पैसा तिथे घाला. वजन पुढे-मागे निम्मं निम्मं वाटलेलं आहे आणि स्टीअरिंग हाताशी बोलतं. ही गाडी वळणावरची आहे.

जुनी आरएक्स-८ घेणाऱ्याने कम्प्रेशन टेस्टशिवाय, म्हणजे इंजिन आतली हवा किती दाबतं ते मोजल्याशिवाय, एक रुपयाही देऊ नये. साधा पिस्टनचा गेज चालत नाही, रोटरीचा टेस्टर लागतो. तो प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे देतो. २५० आरपीएमला प्रत्येक आकडा किमान ६.९ किलो प्रति चौरस सेंटीमीटर हवा. नवं इंजिन ८.५ च्या आसपास असतं. घेताना माझे आकडे पुढच्या रोटरला ७.७, ७.६, ७.७ आणि मागच्याला ७.५, ७.४, ७.६ होते. ही इंजिनं लवकर दमतात हे माझदालाही मान्य करावं लागलं होतं. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी कंपनीने वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल केली. २००९ च्या सुधारित गाडीत ऑइल सोडणारी तिसरी नळी आली, प्रत्येक रोटरला दोनाऐवजी तीन. म्हणजे कारखान्यालाही शेवटी ऑइलकडेच यावं लागलं.

चालवायच्या सवयी दोनच सांगते. थंड इंजिन चालू करून गाडी चार फूट हलवायची आणि लगेच बंद करायची, हे कधीच नको. आत पेट्रोल साचतं आणि गाडी पुन्हा चालू होत नाही. झालंच तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा, त्याने पेट्रोलचा पुरवठा थांबतो आणि आतलं बाहेर पडतं. आणि इंजिन नीट तापल्यावर दिवसातून एकदा तरी काटा ९,००० च्या दिशेने नेऊन या. कार्बन साफ होतो. लाल रेषेच्या जरा आधी गाडी बीप करते, तेव्हा गिअर बदला. शाफ्ट ९,००० ला फिरत असतो तेव्हा रोटर फक्त ३,००० ला फिरत असतात, म्हणून ते इंजिन त्या वेगालाही इतकं शांत आणि गुळगुळीत वाटतं. बाबांना पहिल्यांदा शेजारी बसवून बीप ऐकवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पुन्हा कर."

गेल्या महिन्यात १,०२,००० ला पुन्हा टेस्ट केली. पुढचा रोटर ७.५, ७.४, ७.५. मागचा ७.३, ७.२, ७.४. ३१,००० किलोमीटरमध्ये सगळीकडे ०.२ ची घट. यातलं श्रेय ऑइलचं किती आणि कॉइलचं किती, हे एका गाडीवरून वेगळं काढता येत नाही. तंतोतंत मायलेज मोजणाऱ्याला, आणि डिपस्टिकला हात लावायचा कंटाळा असणाऱ्याला, मी ही गाडी सुचवणार नाही. माझी लिटरला आठ देते आणि दर पेट्रोलला बॉनेट उघडायला लावते. उद्या सकाळी टू-टीची टाकी भरायची आहे, लाल दिवा अजून लागलेला नाही पण पातळी खालच्या खुणेच्या बोटभरच वर आहे.